चिलटाचे टरफल

मी परुळेकर बाई. खराटा माझ्याच हातात होता. पाचोळा मीच झाडला. टरफलही मीच झाडले. ते टरफल कोणाचे आहे, हे मी विचारले नाही. ही चूक माझी. म्हणून ही गोष्टही मीच सांगते.

माडवण नावाचे गाव. गावात माडांची वाडी. उंच उंच माड. माडांच्या सावलीत कोकोची झाडे. कोकोच्या फळात बिया असतात. त्या बियांचे चॉकलेट होते.

एका झाडाच्या मुळाशी एक टरफल होते. कोकोच्या फुटलेल्या फळाचे टरफल. नावेसारखे खोलगट. आतून काळे. आतून ओले. आतून मऊ.

त्या टरफलात राहत होते एक चिलट.

केवढे? मोहरीहून लहान. तिळाहून लहान. तिळाच्या टोकाएवढे!

चिलटाने टरफलात अंडी घातली होती. अंडी ओली राहिली, तर पिल्ले होतील. अंडी सुकली, तर होणार नाहीत. चिलट रोज अंडी पाही. ओली आहेत ना? आहेत. मग ते उडे. भिरिर् भिरिर्.

एके दिवशी सकाळी मी वाडीत झाडायला आले. त्या दिवशी पाहुण्या येणार होत्या. वाडी कशी लख्ख दिसायला हवी! मी महिनाभर रोज झाडत होते. आज अगदी झाडांच्या मुळाशीही झाडले. सर्र सर्र. सर्र सर्र.

पाने गेली. काड्या गेल्या. टरफलही गेले!

सर्र सर्र करत टरफल खळ्यात आले. खळे म्हणजे घरापुढचे सारवलेले अंगण. तिथे सावली होती, पण थोडीच. तेवढ्यात काय झाले? कोणीतरी बियांनी भरलेली टोपली आणली. धप्! टोपली टरफलावर बसली. अर्धे टरफल टोपलीखाली. अर्धे टरफल बाहेर.

आणि अंडी? अंडी बाहेरच्या अर्ध्या भागात.

आणि ऊन? ऊन कुंपणापाशी आले होते.

चिलट घाबरले. भिरिर् भिरिर् उडाले. टोपलीच्या काठावर बसले.

"टोपली, टोपली, बाजूला हो!
टरफल मिळेना.
ऊन चढते आहे, अंडी सुकतील!"

टोपली करकरली. करकर करकर.

"मी कशी हलू? मी बियांनी भरले आहे. माझे पोट जड झाले आहे. पेटीने बिया घेतल्या, तर मी हलेन."

चिलटाने उन्हाकडे पाहिले. ऊन कुंपणातून आत आले होते.

भिरिर् भिरिर्. चिलट पेटीकडे गेले. पेटी लाकडाची होती. तिच्यात बिया सहा दिवस ठेवतात. त्या गरम होतात. आंबतात. मगच त्यांना चॉकलेटचा वास येतो.

"पेटी, पेटी, बिया घे!
टोपली हलेना.
टरफल मिळेना.
ऊन चढते आहे, अंडी सुकतील!"

पेटी ठकठकली. ठक ठक. ठक ठक.

"मी कशा घेऊ? माझे लाकूड उघडे आहे. माझ्यात अंथरूण नाही. केळीचे पान माझ्यात आले, तर मी बिया घेईन."

चिलटाने उन्हाकडे पाहिले. ऊन विहिरीपाशी आले होते.

भिरिर् भिरिर्. चिलट केळीकडे गेले. केळीचे पान लांब होते. रुंद होते. वाऱ्यावर डुलत होते. फडफड फडफड.

"पाना, पाना, पेटीत ये!
पेटी बिया घेईना.
टोपली हलेना.
टरफल मिळेना.
ऊन चढते आहे, अंडी सुकतील!"

पान फडफडले.

"मी कसे येऊ? मी केळीला धरून आहे. मला पाय नाहीत. विळ्याने मला कापले, तर मी पेटीत येईन."

चिलटाने उन्हाकडे पाहिले. ऊन विहीर ओलांडून आले होते.

भिरिर् भिरिर्. चिलट विळ्याकडे गेले. विळा खुंटीवर होता. चकचकीत होता. डुलकी घेत होता.

"विळ्या, विळ्या, पान काप!
पान पेटीत येईना.
पेटी बिया घेईना.
टोपली हलेना.
टरफल मिळेना.
ऊन चढते आहे, अंडी सुकतील!"

विळा खणखणला. खण्ण!

"मी कसा कापू? मला धार आहे, पण हात नाही. भिवाकाकांनी मला उचलले, तर मी पान कापेन."

चिलटाने उन्हाकडे पाहिले. ऊन खळ्याच्या पहिल्या दगडापाशी आले होते. आणखी दोन दगड. मग टरफल!

भिरिर् भिरिर्. चिलट भिवाकाकांकडे गेले. भिवाकाका वाडीची राखण करतात. झाडे तेच लावतात. फळे तेच काढतात. आज मात्र ते पायरीवर बसले होते. हात गुडघ्यांवर. नजर झाडांकडे.

"काका, काका, विळा उचला!
विळा पान कापेना.
पान पेटीत येईना.
पेटी बिया घेईना.
टोपली हलेना.
टरफल मिळेना.
ऊन चढते आहे, अंडी सुकतील!"

काकांनी कान खाजवला.

"कोण गो बाय बोलता? अगो, चिलट! कसा उचलू मी विळो? पाहुण्या इल्या हत. त्यांका बिया हव्यो काय नको, ताच कळना नाय. नको म्हणाल्यानी, तर बियो टेंपोत जातल्यो. धा गावांच्या बियांत मिसळतल्यो. मगे आमच्या वाडीचा नाव कोण घेतला? ताईंनी 'होय' म्हटला, तर मी विळो उचलतलंय."

चिलटाने उन्हाकडे पाहिले. ऊन दुसऱ्या दगडापाशी आले होते.

भिरिर् भिरिर्. चिलट इरावतीताईंकडे गेले. याच त्या पाहुण्या. त्या चॉकलेट करतात. स्वतःच्या हातांनी करतात. त्या झाडांमधून फिरत होत्या. खोड पाहत होत्या. फांद्या पाहत होत्या. कपाळाला आठ्या होत्या.

"ताई, ताई, हो म्हणा!
काका विळा उचलेनात.
विळा पान कापेना.
पान पेटीत येईना.
पेटी बिया घेईना.
टोपली हलेना.
टरफल मिळेना.
ऊन चढते आहे, अंडी सुकतील!"

ताई थांबल्या.

"मी कशी हो म्हणू? मी एकाच वाडीच्या बियांचे चॉकलेट करते. दुसऱ्या वाडीची एकही बी त्यात घालत नाही. आज इथे बिया आहेत. पुढे काय? झाडांवर फुले आहेत. पण छोटे फळ एकही दिसत नाही."

पायरीवरून काका ओरडले, "कमी पडल्यो, तर शेजारच्या वाडीतल्यो मूठभर घाला! कोणाक कळतला?"

"माझ्या जिभेला कळेल, काका!" ताई म्हणाल्या. मग त्या चिलटाला म्हणाल्या, "झाडाने मला एक छोटे फळ दाखवले, तर मी हो म्हणेन. एकच पुरे."

चिलटाने उन्हाकडे पाहिले. ऊन तिसऱ्या दगडापाशी आले होते.

भिरिर् भिरिर्. भिरिर् भिरिर्. चिलट आपल्या झाडाकडे गेले. कोकोची फुले फांदीच्या टोकाला येत नाहीत. ती खोडावर येतात. इवलीशी, पांढरी, गुलाबी.

"झाडा, झाडा, फळ दाखव!
ताई हो म्हणेनात.
काका विळा उचलेनात.
विळा पान कापेना.
पान पेटीत येईना.
पेटी बिया घेईना.
टोपली हलेना.
टरफल मिळेना.
ऊन चढते आहे, अंडी सुकतील!"

झाड सळसळले. अगदी हळू. सळ सळ.

"चिलटा, हळू बोल. माझ्याकडे एकच छोटे फळ आहे. अंगठ्याएवढे. ते मुळाशी आहे. मी ते पानाआड लपवले आहे."

"का लपवले?"

"मला खराट्याची भीती वाटते. खराटा जोरात येतो. सर्र सर्र. फळ तुटले, तर? बाईंनी खराटा थांबवला, तर मी फळ दाखवेन."

चिलटाने उन्हाकडे पाहिले. ऊन टोपलीपाशी आले होते!

भिरिर् भिरिर्. भिरिर् भिरिर्. चिलट माझ्याकडे आले. खराटा माझ्या हातात होता. चिलट माझ्या चष्म्याच्या काडीवर बसले. दमले होते.

"बाई, बाई, खराटा थांबवा!
झाड फळ दाखवेना.
ताई हो म्हणेनात.
काका विळा उचलेनात.
विळा पान कापेना.
पान पेटीत येईना.
पेटी बिया घेईना.
टोपली हलेना.
टरफल मिळेना.
ऊन चढते आहे, अंडी सुकतील!"

आणि मी काय म्हणाले? मीही नाहीच म्हणाले.

"मी खराटा कसा थांबवू? मी चाळीस वर्षे शाळेत शिकवले. शाळेच्या अंगणात एक पान राहू दिले नाही. पाचोळा म्हणजे केर. केर म्हणजे घाण. पाचोळा का ठेवायचा, ते मला सांग. पटले, तर मी खराटा थांबवीन."

आता कोणाकडे जायचे? पुढे कोणीच उरले नव्हते. टोपली नाही, पेटी नाही. पान नाही, विळा नाही. काका नाहीत, ताई नाहीत. झाड नाही, बाईही नाहीत.

ऊन टोपलीच्या काठाला लागले.

चिलटाला सांगता येईना. चिलटाला रडू आले. मग चिलटाने काय केले? जे ते रोज करी, तेच केले. भिरिर्! ते झाडाकडे उडाले. एका फुलापाशी गेले.

मी चष्मा सारखा केला. वाकून पाहिले.

फूल एवढेसे. फुलाचे दार त्याहून इवलेसे. एक माशी आली. आत जाईना. एक मधमाशी आली. तीही जाईना. चिलट आले. शिरले आत! बाहेर आले, तर पाठीवर पांढरी धूळ. फुलातली धूळ. ती धूळ घेऊन ते दुसऱ्या फुलात शिरले. दुसऱ्यातून तिसऱ्यात.

मी विचारले, "चिलटा, हे तू रोज करतेस?"

"रोज करते, बाई."

"तू धूळ नेली नाहीस, तर?"

"फूल गळते, बाई. फळ धरत नाही."

"आणि तुझे भाऊबंद? ते कुठे आहेत?"

"ते पाचोळ्यात राहत होते, बाई."

मी झाडाखाली पाहिले. माती लख्ख होती. पान नव्हते. काडी नव्हती. गळलेली फुले मात्र होती. खूप होती. एक, दोन, तीन, चार... मला मोजवेनात.

पायरीवरून काका म्हणाले, "बाईनु, कोरी वही पण स्वच्छच असता! पण तिका गुण कोण दितलो?"

मला राग आला. क्षणभरच आला. कारण काकांचे म्हणणे बरोबर होते. आणि जे बरोबर असते, त्याच्यापुढे मी नेहमी बरोबरची खूण करते.

मी खराटा खाली ठेवला.

आता बघा हं!

बाईंनी खराटा थांबवला.

झाडाने पान बाजूला केले. सळ सळ. झाडाने फळ दाखवले. अंगठ्याएवढे! हिरवेगार! ते कुठे होते? जिथे चिलटाचे टरफल असे, अगदी तिथेच वर.

ताई गुडघ्यांवर बसल्या. आठ्या गेल्या. ताई हो म्हणाल्या. "हो! हो! हो!"

काका टुणकन उठले. काकांनी विळा उचलला.

विळ्याने पान कापले. खच्!

पान पेटीत आले. फडफड फडफड.

पेटीने बिया घेतल्या. बद बद बद बद.

टोपली रिकामी झाली. हलकी झाली. टोपली हलली. करकर करकर.

टरफल मिळाले!

पण ऊन? ऊन टरफलावर पोहोचले होते. एक बोटभर आत गेले होते.

मी धावले. या वयात धावले! टरफल दोन्ही हातांनी उचलले. ओंजळीत धरले. पदराची सावली केली. झाडाच्या मुळाशी नेऊन ठेवले. हळूच.

चिलट टरफलात गेले.

ताई वाकल्या. काका वाकले. मी वाकले.

चिलट बाहेर येईना.

अजून येईना.

"चिलटा," मी विचारले, "अंडी ओली आहेत ना?"

भिरिर् भिरिर्! चिलट बाहेर आले. माझ्या चष्म्यावर बसले.

"ओली आहेत, बाई! सगळी ओली आहेत!"

काकांनी विहिरीचे पाणी आणले. चार थेंब टरफलात शिंपडले. चारच. मी मोजले.

त्या बिया सहा दिवस पेटीत राहिल्या. मग उन्हात वाळल्या. मग भाजल्या, तड तड. मग दगडांत दळल्या, घर्र घर्र. मग त्यांचे चॉकलेट झाले. ताईंनी त्यावर एकाच वाडीचे नाव लिहिले. माडवण. मी शुद्धलेखन तपासले. बरोबर होते.

पण ते पुढे. त्या दिवशी आम्ही सगळे खळ्यात बसलो. आणि एक गोष्ट ठरवली. ती मी वहीत लिहिली. अशी:

कोकोच्या झाडाखाली कोणी झाडायचे नाही. पाने पडतील, ती पडू द्यायची. फळे फोडायच्या दिवशी पहिले टरफल झाडाच्या मुळाशी ठेवायचे. ते टरफल चिलटाचे.

मी विचारले, "मान्य?"

ताई म्हणाल्या, "मान्य."

काका म्हणाले, "होय गो बाय, मान्य."

टोपली म्हणाली, करकर. पेटी म्हणाली, ठक ठक. विळा म्हणाला, खण्ण. केळ म्हणाली, फडफड. झाड म्हणाले, सळ सळ.

मी म्हणाले, "मलाही मान्य. खराटा फक्त खळ्यात."

आणि चिलट?

चिलट टरफलात होते. अंड्यांपाशी बसले होते. तिथूनच म्हणाले,

भिरिर्.